विमा विकायला परीक्षा, गरिबाचं कार्ड काढायला काहीच नाही

मागच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या फुफीच्या छातीत दुखायला लागलं. ती माझी सख्खी फुफी नाही, अख्ख्या गल्लीची फुफी आहे. नरडाण्याहून रात्रीच तिला धुळ्याला नेलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनीत अडथळा आहे, स्टेंट टाकावा लागेल. घरचे घाबरले, पण खचले नाहीत, कारण कार्ड होतं. आदल्या वर्षी एक पोरगा लॅपटॉप घेऊन मोहल्ल्यात बसला होता. त्याने आधार नंबर घेतले, ओटीपी विचारले, माणशी शंभर रुपये घेतले आणि लॅमिनेशन केलेली कार्डं हातात दिली. म्हणाला, आता पाच लाखांपर्यंत दवाखाना फुकट.

फुफीच्या मुलाने ते कार्ड रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर ठेवलं. त्याने उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत सरकवलं. "हे आभा कार्ड आहे. याच्यावर उपचार होत नाहीत."

आता हा घोळ नीट समजून घ्या, कारण तुमच्याही घरात तेच कार्ड असण्याची शक्यता आहे. 'आभा' म्हणजे १४ अंकी आरोग्य खातं. तुमचे तपासण्यांचे, औषधांचे कागद डिजिटल स्वरूपात एका जागी जोडता यावेत म्हणून ते आहे. त्यावर एक रुपयाचाही विमा नाही. 'आयुष्मान कार्ड' वेगळं. ते प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचं, आणि महाराष्ट्रात ती योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबरोबर एकत्र चालते. दोन्ही नावांच्या मागेपुढे 'आयुष्मान भारत' लागलेलं असतं. आभा कार्ड आधारच्या ओटीपीवर दोन मिनिटांत निघतं. आयुष्मान कार्डासाठी यादीत कुटुंब शोधावं लागतं, नाव जुळवावं लागतं, जुळलं नाही तर मंजुरीची वाट पाहावी लागते. शंभर रुपयांत कोणी दोन मिनिटांचं काम करील की दोन तासांचं, ते सांगायला नको.

मग रेशन कार्ड काढलं. आपल्या राज्यात रेशन कार्ड आणि ओळखपत्र यांवरही योजनेत उपचार होतात. पण रेशन कार्डावरचं फुफीचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं निघालं. "तहसीलमधून दुरुस्त करून आणा," असं उत्तर मिळालं. मुलगा दोन दिवस शिंदखेड्याला खेटे घालत राहिला आणि आई धुळ्यात पलंगावर. तिसऱ्या दिवशी फुफीच्या हातातल्या बांगड्या विकल्या, पैसे भरले, स्टेंट पडला. फुफी जिवंत आहे, अल्हम्दुलिल्लाह, आणि नळावर पूर्वीसारखीच भांडते. भांडताना हात नाचवायची, तेव्हा बांगड्या वाजायच्या. आता वाजत नाहीत.

माझा राग त्या टेबलावरच्या आरोग्यमित्रावर नाही. कंत्राटी कंपनीने नेमलेला, तुटपुंज्या पगाराचा पोरगा तो. मला प्रश्न पडला तो लॅपटॉपवाल्याचा. त्याला हे काम करायची परवानगी कोणी दिली? त्याला काय येतं हे कोणी तपासलं? महिनाभर विचारत फिरले. उत्तर असं निघालं की तपासण्याची गरजच कोणाला वाटलेली नाही.

हे किती विचित्र आहे ते पाहा. या देशात विमा *विकायचा* असेल तर परीक्षा आहे. एजंट व्हायचं तर निदान दहावी पास हवं, प्रशिक्षण हवं, आयसी-३८ ची परीक्षा पास व्हायला हवी. साध्यासोप्या पॉलिसी विकणारा 'पॉइंट ऑफ सेल्स' माणूस घ्या, त्यालाही १५ तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. इतकंच काय, ज्या सीएससी केंद्रावर आपण सात-बारा काढायला जातो, तिथल्या चालकाला मोटारसायकलचा विमा विकायचा असेल तर त्याला विमा नियामकाच्या नियमानुसार 'ग्रामीण अधिकृत व्यक्ती' व्हावं लागतं, त्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. तोच माणूस, तीच खुर्ची, तोच संगणक. समोरच्याने मोटारसायकलच्या विम्याचे पैसे काढले तर कायदा म्हणतो, थांब, आधी तुझी लायकी दाखव. समोर एखादी विधवा पाच लाखांच्या उपचाराचा हक्क मागत बसली असेल तर कायदा म्हणतो, चालू दे.

सीएससी केंद्र काढायला 'टेक' नावाचं एक प्रमाणपत्र लागतं हे मला माहीत आहे. तो उद्योजकतेचा अभ्यासक्रम आहे, केंद्र कसं चालवावं याचा. त्या पोराकडे तेही असेल कदाचित. धंदा कसा करावा ते त्याला नक्कीच येत होतं.

आणि हे सगळं कुठे होतंय? धुळे जिल्ह्यात. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यात फक्त आठ जिल्हे होते, आणि त्यांत धुळं होतं. उरलेल्या महाराष्ट्राला योजना मिळायला २०१३ चा नोव्हेंबर उजाडला. म्हणजे आरोग्यमित्र हा शब्द आमच्या कानावर पुण्या-नाशिककरांच्याही आधी पडला. योजनेचं नाव बदललं, २०२० मध्ये केंद्राची योजना तिला जोडली गेली, दीड लाखाचे पाच लाख झाले, पिवळ्या-केशरीबरोबर पांढरं रेशन कार्डही आत आलं. सगळं वाढलं. पण योजना आणि माणूस यांच्यामध्ये जो बसतो, त्याच्याकडे काय असावं हे कोणी ठरवलं नाही. उलट त्या जागेवर बसणाऱ्यांची गर्दी वाढवली. सीएससी आहेच, आशाताई आहेत, आणि मोबाइल ॲप आल्यापासून ज्याच्या हातात फोन तो मदतनीस.

याचं फळ काय आलं तेही सरकारी कागदावर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांचा या योजनेवरचा अहवाल संसदेत मांडला गेला. त्यात नोंद आहे की ७,४९,८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल नंबर आहे: ९९९९९९९९९९. साडेसात लाख माणसांचा एक फोन! सरकारने खुलासा केला की पडताळणी आधारवर होते, मोबाइल नंबरवर होत नाही. ठीक आहे, मानलं. पण मला त्या साडेसात लाख वेळा दाबलेल्या नऊच्या आकड्यात बोटं दिसतात. समोर बसलेल्याला "तुमचा नंबर काय?" एवढंही न विचारणारी बोटं.

हे लिहिताना मला माझीही बोटं दिसतात, म्हणून सांगून टाकते. मीही लोकांची कार्डं काढते. रविवारी, ओट्यावर बसून, स्वतःच्या फोनवर, फुकट. मला कुणी शिकवलेलं नाही. सुरुवातीला ज्यांच्याकडे फोन नव्हता अशा सात घरांना मी माझाच नंबर टाकला. उपकार केल्यासारखं वाटलं होतं. मग एके दिवशी पाचवीच्या वर्गात मराठीचा तास चालू असताना त्यांतले एक चाचा रुग्णालयाच्या टेबलासमोर बसून होते आणि त्यांचा ओटीपी माझ्या कपाटात ठेवलेल्या फोनवर येऊन मरत होता. मधल्या सुट्टीत फोन पाहिला तेव्हा अकरा मिस्ड कॉल. बीएड आहे मी. वीस वर्षांची नोकरी आहे. तरी हे कळलं नाही, कारण कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

आता नावांचं बोलू. हा माझा रोजचा विषय आहे आणि इथेच माझं खरं म्हणणं आहे.

जुन्या मराठी रेशन कार्डावर मुसलमानाचं नाव कसं असतं? 'फातमाबी शे. रहीम'. हे 'शे.' म्हणजे शेख. 'स.' म्हणजे सय्यद, 'मो.' म्हणजे मोहम्मद. हाताने लिहिणाऱ्या कारकुनाने जागा वाचवली. संगणकात भरताना कोणीतरी त्या 'शे.'चं रोमन लिपीत जसंच्या तसं 'शे' केलं. आधारवर तीच बाई 'शेख फातिमा रहीम' आहे, आणि शेख रोमनमध्ये चार तऱ्हांनी लिहितात. मशीन दोन्ही नावं शेजारी ठेवतं, गुण देतं आणि सांगतं, जुळत नाहीत. माणसाने एकदा वाचलं असतं तर एका श्वासात सांगितलं असतं की ही एकच बाई आहे. बायकांच्या नावामागचं 'बी' कधी चिकटून येतं, कधी सुटं येतं, कधी येतच नाही. 'ज़ुलेखा'ची कुठे 'जुलेखा' होते, कुठे 'झुलेखा'. नुक्ता तर कोणाच्याच कीबोर्डवर नाही.

हा फक्त आमच्या मोहल्ल्याचा रडगाणं नाही. खान्देशात जुन्या काळी लग्नात नवरीचं पहिलं नावही बदलायचे. माहेरची 'सिंधू' सासरी 'मंगला' झाली. शाळेच्या दाखल्यावर सिंधू, रेशनवर मंगला, आधारवर जे त्या दिवशी सुचलं ते. भिलाटीतल्या म्हाताऱ्यांची तर नावंच दुसऱ्यांनी लिहिलेली. एक आजोबा मला म्हणाले होते, "ताई, कार्ड शे ना मनाजोडे, मंग पैसा काबर मांगतस?" त्यांच्याकडे कार्ड होतं, फक्त ते त्यांच्या मुलाच्या नोंदीला जोडलेलं होतं.

आणि जन्मतारखा! माझ्या वर्गाच्या जुन्या हजेरीपटात अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला सापडेल. आईबापाला तारीख आठवत नसे, शाळा जूनमध्ये उघडे, गुरुजी १ जून टाकून मोकळे होत. मुलाचं वय पटात बसलं, गुरुजींचं काम झालं. पन्नास वर्षांनी तोच मुलगा रुग्णालयाच्या टेबलासमोर उभा राहतो आणि त्याच्या तीन कागदांवर तीन जन्मवर्षं असतात. माझ्याच पेशाच्या लोकांनी केलेली ही चूक आहे, म्हणून ती पुन्हा नव्याने होताना पाहवत नाही. त्या गुरुजींकडे निदान पगारी नोकरी आणि सही होती. कोणी लिहिलं ते शोधता येतं. लॅपटॉपवाल्या पोराची सही कुठे आहे?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. लोकांची आरोग्य योजनेत नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला राज्याने शिकवावं, तपासावं आणि प्रमाणपत्र द्यावं. आणि ते प्रमाणपत्र नसेल तर पैसे घेऊन शिबिर लावता येऊ नये.

हे बोलले की लगेच दोन बाजूंनी लोक अंगावर येतात. पहिले म्हणतात, प्रमाणपत्र म्हणजे नवं दुकान. त्यांचं चुकत नाही. एमएस-सीआयटी आठवा. सरकारी नोकरांना ती सक्तीची झाली आणि गल्लोगल्ली वर्ग निघाले. त्यांतून किती जणांना संगणक आला आणि किती जणांना नुसतं प्रमाणपत्र, हे प्रत्येकाने आपल्या कार्यालयात पाहून घ्यावं. दुसरे म्हणतात, अहो आशाताई आधीच पिळून निघाल्या आहेत, त्यांच्या डोक्यावर आणखी परीक्षा? आणि तुमच्यासारख्या फुकट काम करणाऱ्यांना परीक्षा लावली तर कोण येईल?

या दुसऱ्या आक्षेपाला मी हसण्यावारी नेत नाही, कारण हे जगात घडलेलं आहे. अमेरिकेत ओबामांच्या आरोग्य कायद्याखाली २०१३ च्या ऑक्टोबरपासून लोकांची विमा नोंदणी सुरू झाली. अर्ज भरायला मदत करणारे 'नॅव्हिगेटर' नेमले होते, केंद्र सरकारने त्यांना प्रशिक्षण दिलं होतं. पण ज्या राज्यांतल्या पुढाऱ्यांना तो कायदाच नको होता, त्यांनी ग्राहकाच्या संरक्षणाच्या नावाखाली आपल्या वेगळ्या अटी घातल्या. टेक्सासने केंद्राच्या प्रशिक्षणावर आणखी २० तासांचं प्रशिक्षण लावलं. मिसुरीने तर असा कायदा केला की मदतनीसाने कुठल्या योजनेत काय फायदा आहे याचा सल्लाच द्यायचा नाही. म्हणजे मदत करा, पण मदत होईल असं काही बोलू नका! जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या केंद्रीय न्यायालयाने तो कायदा रोखला.

तेव्हा परीक्षा कोण घेतो आणि कशासाठी घेतो हे पाहायलाच हवं. माणसं गळावीत म्हणून घेतलेली परीक्षा मी ओळखते. आम्हा शिक्षकांचंच पाहा ना. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे, खटल्यातच अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट होता. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी चहा गार झाला. वीस वर्षं शिकवणाऱ्याने आता बालमानसशास्त्राचे पर्याय निवडायचे, यावर माझं काय मत आहे ते वेगळ्या लेखात लिहीन, इथे लिहिलं तर लांबेल. पण गंमत अशी की माझ्या हातून एखाद्या मुलाचा 'ळ' चुकला तर राज्याला माझी परीक्षा घ्यावीशी वाटते, आणि त्याच मुलाच्या आजीचं हृदय ज्या नोंदीवर अवलंबून आहे ती नोंद करणाऱ्याची वाटत नाही.

मग परीक्षा कशी हवी? पदवी नको, फी नको, खासगी वर्गवाला तर अजिबात नको. राज्य आरोग्य हमी सोसायटीने तालुक्याच्या गावी दोन दिवस शिकवावं, मराठीतून, जिथे गरज आहे तिथे उर्दू आणि अहिराणी समजावणारा बरोबर घेऊन. आशाताईंना त्या दोन दिवसांचा मोबदला मिळावा. आणि परीक्षा कागदावर घेऊच नये. समोर एक जुनं रेशन कार्ड आणि एक आधार ठेवा आणि विचारा, ही एकच व्यक्ती आहे का, आणि तुम्ही ते कशावरून म्हणता? 'शे.' म्हणजे काय ते विचारा. आभा आणि आयुष्मान यांतला फरक एखाद्या अडाणी आजीला कळेल असा सांगायला लावा. रुग्ण तातडीचा असेल आणि कागद अपुरे असतील तर काय करायचं ते विचारा, कारण योजनेत तातडीच्या रुग्णाला फोनवरून कळवून भरती करण्याची आणि कागद मागून देण्याची सोय आहे, जिल्ह्याला समन्वयक आहे, १५५३८८ हा मदत क्रमांक आहे. फुफीच्या मुलाला त्या दोन दिवसांत यांतलं एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर त्याने शिंदखेड्याची बस पकडली नसती.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पावती. कोणी नोंद केली त्याचा क्रमांक, कोणतं कार्ड काढलं त्याचं नाव, अर्ज मंजूर झाला की अडकला, हे मोठ्या मराठी अक्षरांत छापून हातात द्या. लिहिलेलं समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा नियम करा. आमच्याकडे निकाह पढवताना काझीसाहेब वधूचं नाव, बापाचं नाव, मेहरची रक्कम साक्षीदारांसमोर मोठ्याने उच्चारतात, मग सही होते. पाच लाखांच्या हक्काच्या नोंदीला तेवढं तरी करा.

पहिल्या आक्षेपवाल्यांना एवढंच सांगते की दुकान आजही आहेच. शंभर रुपयांचं आहे, मशिदीच्या भिंतीला टेकून बसतं, आणि चूक झाली की दुसऱ्या गावाला जातं. प्रमाणपत्र आल्याने दुकान निघेल ही भीती त्यांना वाटत असेल, तर आधी या दुकानाला फळी लावायला माझ्याबरोबर या. आमच्या जमातीच्या मंडळींनाही हेच सांगितलं. जुम्याच्या नमाजनंतर शिबिराची घोषणा करण्याआधी त्या माणसाला चार प्रश्न विचारा. एक बुजुर्ग म्हणाले, "आपा, फुकटमे कोई कुछ कर रहा है तो सवाल कैसे पूछें?" मी म्हटलं, चाचा, फुकट नव्हतं, शंभर रुपये होते. ते गप्प बसले, पण पुढच्या शिबिराला त्यांनी मला बोलावलं.

मीही त्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पहिल्या बाकावर बसायला तयार आहे. नापास झाले तर रविवारचा ओटा बंद करीन. तोवर त्या सात घरांपैकी पाच घरांचे नंबर बदलून झालेत, दोघांकडे अजून फोन नाही. फुफीच्या नावाच्या दुरुस्तीचा अर्ज मी स्वतः भरला, 'बी' जोडून की तोडून हे तिला तीनदा विचारून. काल पाहिलं तर स्थिती 'प्रलंबित' होती.